पिटबुल पाहिजे, पण मैदानावर चालणारा

आमच्या इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कुत्र्यांच्या ट्रेनिंग क्लबात कुणी नवीन येऊन म्हणालं की मला प्रोटेक्शन स्पोर्ट करायचाय आणि तोही पिटबुल घेऊन, तर जुनी मंडळी एकमेकांकडं बघतात आणि म्हणतात, मॅलिनॉइस (बेल्जियन शेफर्डचा एक प्रकार) घे. तरी हट्ट सोडला नाही तर म्हणतात, बरं मग जर्मन शेफर्ड घे. त्यांचं काही चुकत नाही, ती कुत्री त्याच कामासाठी पिढ्यानपिढ्या निवडलेली आहेत. पण मला पिटबुलच पाहिजे आणि बायकोलाही, त्यामुळं बराच काळ नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया, जॉर्जिया असं आमचं शोधकार्य चालूय. सांगलीतले मित्र आणि पुण्यातली मावसभावंडं फोनवर विचारतात की एवढं काय शोधताय, पैसे टाकले की कुत्रं मिळतं की, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी एक गैरसमज काढतो. प्रोटेक्शन स्पोर्ट म्हणजे चोर पकडायला कुत्रं शिकवणं नव्हे, तो नियम आणि मार्क असलेला स्पर्धेचा खेळ आहे. एक जुना प्रकार जर्मनीतला, त्याला पूर्वी शुत्झहुंड म्हणायचे, २०१२ ला त्याचं आयपीओ झालं आणि २०१९ पासून आयजीपी. तीन भाग असतात, माग काढणं, आज्ञापालन आणि प्रोटेक्शन, प्रत्येकी १०० मार्क आणि प्रत्येकात ७० पडले तरच पास. ३५ ला पास करणाऱ्या बोर्डात शिकलेल्या माणसाला हे जरा जडच जातं. प्रोटेक्शनमध्ये वरच्या लेव्हलला मैदानावर सहा आडोसे उभे केलेले असतात, त्यांना ब्लाइंड म्हणतात, कुत्र्यानं पळत जाऊन एकेक ब्लाइंड तपासायचा आणि लपलेला हेल्पर, म्हणजे हल्लेखोराचं काम करणारा माणूस, सापडला की चावायचं नाही, समोर उभं राहून नुसतं भुंकायचं. तो पळाला किंवा अंगावर आला की मगच त्याच्या हातावरची स्लीव्ह, म्हणजे जाड बाही, धरायची आणि हँडलरनं (कुत्र्याला घेऊन उतरलेल्या माणसानं) आऊट म्हणलं की त्या क्षणी सोडायची. दुसरा प्रकार पीएसए (प्रोटेक्शन स्पोर्ट्स असोसिएशन), हा अमेरिकेतच जन्मलेला, यात डिकॉय, म्हणजे इथला हेल्पर, चावे झेलणारा पूर्ण अंगाचा बाइट सूट घालतो, गाडीत बसलेल्या हँडलरवर हल्ला झाल्याचे प्रसंग असतात, प्लास्टिकच्या दुधाच्या कॅनमध्ये खडे भरून ते खुळखुळवत डिकॉय अंगावर येतो, एकूण जरा गोंधळ जास्त. मला पीएसए आवडतो आणि पिटबुललाही तोच जास्त मानवतो असं माझं मत, आयजीपीवाले यावर भांडतील, भांडू देत.

आता पिटबुलचं घोडं कुठं अडतं ते बघा. ही जात माणसाला चावण्यासाठी कधी निवडलीच गेली नाही. बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून इंग्लंड आयर्लंडमध्ये झुंजीसाठी तयार झालेली कुत्री अमेरिकेत आली, १८९८ ला यूकेसी (युनायटेड केनेल क्लब) ही रजिस्ट्री सुरू झाली तीच मुळी या कुत्र्यांची नोंद करायला, पहिली नोंद संस्थापक चॉन्सी बेनेट यांच्या स्वतःच्या कुत्र्याची, नंतर १९०९ ला एडीबीए (अमेरिकन डॉग ब्रीडर्स असोसिएशन) ही दुसरी रजिस्ट्री आली. झुंजीच्या वेळी रिंगणात कुत्र्यांबरोबर माणसंही उतरायची, दोन हँडलर आणि पंच, आणि भडकलेल्या कुत्र्याला उचलून बाजूला घ्यायचं म्हणजे ते माणसावर उलटणारं नसलं पाहिजे. उलटणारं कुत्रं कुणी पुढं वाढवायचं नाही. झुंज हा प्रकार नीचच, त्यात दुमत नाही, पण त्याचा परिणाम असा की चांगला पिटबुल अनोळखी माणसाला बघून शेपटी हलवतो. यूकेसीच्या ब्रीड स्टँडर्डमध्येच लिहिलंय की परक्यांशीसुद्धा फार प्रेमळ असल्यामुळं राखणीसाठी हा काही उत्तम पर्याय नाही आणि माणसावरचा आक्रमकपणा या जातीच्या स्वभावात बसत नाही. आता हा प्राणी घेऊन तुम्ही प्रोटेक्शन करायला निघालाय.

मग जमतं कसं? शेफर्डमध्ये थोडा संशय असतो, समोरचा माणूस धोका आहे असं त्याला वाटतं आणि तो त्या जोरावर काम करतो, त्याला डिफेन्स म्हणतात. पिटबुलमध्ये हा भाग बहुतेक वेळा नसतोच. त्याच्यासाठी डिकॉय म्हणजे जगातला सगळ्यात मजबूत खेळगडी, ज्याच्याशी रस्सीखेच करायची आणि हरायचं नाही. त्यामुळं शोधायचं काय, तर वेड्यासारखा प्रे ड्राइव्ह, म्हणजे हलणाऱ्या वस्तूमागं जाण्याची ओढ, आणि ती वस्तू एकदा धरली की दबाव आला तरी न सोडण्याची जिद्द, आणि घट्ट नर्व्ह्ज, म्हणजे न बिचकणारा स्वभाव. भित्रा असून चावणारा पिटबुल ज्या घरात असेल त्या घरात मी चहाला पण जाणार नाही. असं कुत्रं दाखवून "बघा किती प्रोटेक्टिव्ह आहे" म्हणणारे लोक भेटतात, दारावरच्या माणसाला बघून मागं मागं सरकत भुंकणारं कुत्रं प्रोटेक्टिव्ह नसतं, घाबरलेलं असतं.

वर्किंग लाइन, म्हणजे कामासाठी निवडलेला वंश, हा शब्द पिटबुलच्या बाजारात कुणीही कशालाही लावतं. सगळ्यात जास्त जाहिराती असतात त्या एक्सएल वाल्यांच्या, निळसर रंग, पन्नास साठ किलो वजन, डोकं परातीएवढं, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पिटबुलचा नर स्टँडर्डप्रमाणं ३५ ते ६० पौंड, म्हणजे साधारण १६ ते २७ किलो, याच्या दुप्पट वजनाचं कुत्रं पिटबुल नाहीच, त्यातली बरीच अमेरिकन बुली असतात, ती वेगळी जात म्हणून यूकेसीनं २०१३ ला मान्य पण केलीय. घरात ठेवायला गोड असतील, पण डिकॉयपर्यंत पळत जाईस्तोवर धाप लागते.

दुसरे असतात गेम-ब्रेड वाले, म्हणजे झुंजीच्या लाइनची कुत्री ठेवणारे. यांची कुत्री खरी सडपातळ, तारेसारखी, आणि पेडिग्री (वंशावळ) बघितली की नावांपुढं सीएच आणि जीआर सीएच लागलेलं. इथं नवीन माणूस फसतो. यूकेसीच्या कागदावर चॅम्पियन म्हणजे शोमध्ये जिंकलेला. या लोकांच्या ऑनलाइन पेडिग्रीत सीएच म्हणजे तीन झुंजी जिंकलेला आणि ग्रँड चॅम्पियन म्हणजे न हरता पाच. पन्नास साठ वर्षांपूर्वीचा पूर्वज असेल तर ठीक, तो इतिहास या जातीच्या प्रत्येक कुत्र्याच्या मागं आहेच, पण आईबापाच्याच नावापुढं ते असेल तर फोन ठेवून द्यायचा. अमेरिकेच्या पन्नासच्या पन्नास राज्यांत झुंज लावणं हा फेलनी दर्जाचा, म्हणजे गंभीर, गुन्हा आहे, २००८ पासून. व्हर्जिनियातल्या सरी काउंटीत २००७ ला झुंजीच्या प्रकरणात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मायकल विकच्या जागेवर धाड पडली तेव्हा पन्नासेक पिटबुल सापडले होते, त्यातले बरेच पुढं चांगल्या घरांत गेले, काही तर थेरपी डॉग झाले, यावरून या जातीचं माणसाशी नातं काय आहे ते कळावं. पण झुंजी लावणाऱ्या माणसाच्या खिशात माझे पैसे जाणार नाहीत. शिवाय निव्वळ झुंजीच्या लाइनमध्ये दुसऱ्या कुत्र्यावरची आग इतकी असते की आज्ञापालनात जोडीदार कुत्रं मैदानावर काम करत असताना आपलं कुत्रं लांबवर एकटं झोपवून ठेवायचं असतं, ते कसं व्हायचं?

राहिले वेट पुलवाले, म्हणजे रुळावरची वजनाची गाडी ओढायला लावणारे, आणि स्पोर्टवाले. वेट पुलच्या कुत्र्यांत जिद्द दिसते, ग्रिप, म्हणजे चाव्याची पकड, दिसेलच असं नाही. आणि खरे स्पोर्टवाले ब्रीडर, ज्यांच्या कुत्र्यांना आयजीपी किंवा पीएसएची टायटलं आहेत, ते अख्ख्या देशात हाताच्या बोटांवर. वर्किंग पिटबुल टेरियर क्लब ऑफ अमेरिका म्हणून एक क्लब आहे, तिथून धागे मिळतात. एक सोपी चाळणी सांगतो. आईबापाचा अनोळखी मैदानावर, अनोळखी डिकॉयसोबतचा, न कापलेला व्हिडिओ मागायचा. "वेळ आली तर माझा कुत्रा मालकासाठी जीव देईल" असलं ऐकवतात त्यांच्याकडं हा व्हिडिओ कधीच नसतो. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

आमच्याकडं सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेताना जाणती माणसं कागद मागत नाहीत, चालवून बघतात, आईबाप कुणाचे ते विचारतात आणि मग दात बघतात. आम्ही पण तेच केलं. व्हर्जिनियातल्या एका बाईंकडं सव्वा वर्षाची एक मादी होती, लालसर, काळं नाक, वीस किलोच्या आतबाहेर. बाईंच्या स्वतःच्या मैदानावर बघायला आम्ही नकार दिला आणि आमच्या क्लबचा डिकॉय बरोबर घेऊन गेलो, भेट ठरली एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. क्रेटमधून उतरल्यावर तिनं आधी जमीन हुंगली, लोखंडी जाळीच्या गटारावरून बिनधास्त चालत गेली (याच्यावर बरीच कुत्री अडतात, पायाखाली पोकळ वाटलं की पाय मागं घेतात), मग थेट माझ्या बायकोच्या मांडीवर डोकं. परीक्षेतला पहिला भाग तिथंच पास.

मग डिकॉयनं तिला खांबाला लांब पट्ट्यानं बांधायला लावलं आणि तागाची उशी घेऊन समोर आला. ती भुंकलीच नाही. पिटबुलमध्ये हे फार, गळा काढायचा नाही, नुसतं थरथरत ताणून उभं राहायचं. आयजीपीसाठी ही डोकेदुखी, कारण ब्लाइंडसमोर भुंकण्याचे मार्क असतात, आणि शिकवायला ट्रेनरच्या नाकी नऊ येतात. पहिला चावा तिनं पुढच्या दातांनी घेतला, वरवरचा. आमचा डिकॉय मुद्दाम थोडा ढिला झाला, आणि तिनं कुणी न सांगता पुढं रेटून जबडा पार मागच्या दाढांपर्यंत भरला आणि गप्प झाली. गुरगुर नाही, झटके नाहीत, डोळे शांत. याला फुल ग्रिप म्हणतात आणि हे शिकवून थोडंच येतं, रक्तात असावं लागतं. मग त्यानं खड्यांचा कॅन तिच्या डोक्यावर खुळखुळवला, तिच्यावर वाकला, बाजूला पत्र्याचा डबा आपटला. तिचा एक कान तेवढा हलला. शेवटी त्यानं उशी सोडून दिली तर ती बक्षीस घेऊन मिरवायचं सोडून उशी तोंडात धरून परत त्याच्याच पायाला येऊन ढुशा द्यायला लागली, चल ना परत. डिकॉय माझ्याकडं बघून हसला. मॅलिनॉइसवाला माणूस तो, कौतुक तोंडातून काढत नाही.

कमतरता पण सांगतो. आऊट तिला जवळजवळ येतच नाही, टगवर (रस्सीखेचीच्या खेळण्यावर) सोडते, माणसावर नाही. आणि जाळीपलीकडून दुसरी मादी नेली तेव्हा अंगावरचे केस उभे राहिले, पण बाईंनी हाक मारल्यावर वळून आली. हे "वळून आली" माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या कुत्र्यांवर प्रेम करू नको, पण मी सांगितल्यावर दुर्लक्ष कर, एवढंच मागणं आहे.

पिल्लू का नाही घेतलं असं सगळे विचारतात. घेतलं असतं, पण आठ आठवड्यांच्या पिल्लात फडक्यामागं पळणं दिसतं, दबावाखाली काय होईल ते कुणालाच दिसत नाही, आणि या जातीत दुसऱ्या कुत्र्यांविषयीचा स्वभाव तर वयात आल्यावर बदलतो, वर्षभर सगळ्यांशी खेळणारं कुत्रं दीड दोन वर्षांचं झाल्यावर एका दिवशी नाही म्हणतं. घरात पहिलंच कुत्रं असेल आणि स्पोर्टच करायचा असेल तर सव्वा दीड वर्षाचं, थोडं शिकलेलं कुत्रं घ्या असं माझं प्रामाणिक मत, जास्त पैसे जातात, जाऊ देत.

तब्येतीचं थोडक्यात. खुब्याचे एक्स-रे पाहिजेतच, ओएफए ही ते तपासणारी संस्था दोन वर्षांनंतर अंतिम ग्रेड देतं, त्याआधी प्रिलिमिनरी होते. अमस्टाफमध्ये (अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर) एक आनुवंशिक अटॅक्सिया, म्हणजे तोल जाण्याचा आजार, असतो, कुत्रं तीन ते पाच वर्षांचं झाल्यावर झोकांड्या खायला लागतं, म्हणजे ट्रेनिंगची मेहनत सगळी करून झाल्यावर. पिटबुल आणि अमस्टाफ मुळात एकाच रक्ताचे (एकेसी म्हणजे अमेरिकन केनेल क्लबनं १९३६ ला तीच कुत्री स्टॅफर्डशायर टेरियर नावानं घेतली, अमेरिकन हा शब्द १९७२ ला जोडला), त्यामुळं डीएनए टेस्ट दोन्हीत करायची. बबेसिया या रक्तातल्या परजीवीची तपासणी पण, तो या जातीत चाव्यांतून पसरतो.

आईचा फोन येतोच. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं तेवीस जातींवर बंदीचं पत्रक काढलं होतं, त्यात पिटबुल होता, ते पुढं कर्नाटक हायकोर्टानं रद्द केलं, पण आईनं पहिली बातमीच वाचलीय. "ते माणसं खाणारं कशाला आणतोस रे" हे तिचं पालुपद. हसण्यावारी नेत नाही मी ते, भारतात आणि इथंही या कुत्र्यांनी माणसं मारलीयत, चुकीच्या ब्रीडिंगची आणि साखळीला बांधून वाढवलेली कुत्री चुकीच्या हातात गेली की होतं तसं, आणि ताकद असलेलं जनावर चुकलं की छोटं चुकत नाही. इथं पण घराच्या इन्शुरन्सवाल्यांची जातींची यादी असते, आमच्या कंपनीनं सरळ नकार दिला, दुसरी शोधली, हप्ता वाढला. अपार्टमेंटमध्ये राहत असतो तर विषयच संपला होता.

सौदा अजून पक्का नाही. एक्स-रे आणि अटॅक्सियाचा रिपोर्ट यायचाय, आणि मागचं कुंपण सहा फुटी करायला एचओएची (इथल्या घरमालकांच्या सोसायटीची) परवानगी लागते, त्यांची मीटिंग पुढच्या महिन्यात. तोवर बाई तिला दोन वेगळ्या मैदानांवर, वेगळ्या डिकॉयकडं नेणार आहेत. मी म्हणलं चावण्याचे व्हिडिओ नका पाठवू, ते मी बघितलंय, आऊटचे पाठवा.