कार्ल्याच्या चैत्यगृहातला उजेड

कार्ल्याचे चैत्यगृह, म्हणजे लोणावळ्याजवळच्या कातळात कोरलेले स्तूपाचे बौद्ध प्रार्थनागृह, पश्चिमाभिमुख आहे हे वाचले होते तेव्हा ती मला केवळ दिशेची नोंद वाटली होती. कॅमेरा घेऊन तिसऱ्या खेपेस गेलो, तेव्हा तिचा अर्थ कळला. सकाळी दर्शनी भाग स्वतःच्याच सावलीत असतो आणि त्यावरची युगुलशिल्पे छायाचित्रात सपाट दिसतात. दुपार कलली की ऊन तिरपे येऊ लागते, मूर्तींच्या खांद्याखाली, कमरेपाशी सावल्या धरतात आणि दगडाला उठाव येतो. शिल्पाच्या छायाचित्रात उजेड किती आहे यापेक्षा तो कोणत्या बाजूने येतो हे आधी पाहावे, असे माझे मत तिथेच पक्के झाले.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर तिथे दहा पावलांत दोनदा फसतो, आणि तेही उलटसुलट. समोरचे दृश्य साधारण मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरूनच तो हिशेब करतो; त्यामुळे चौकटीत नुसता काळा बेसॉल्ट आला की तो एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रासाठी आत घेतला जाणारा उजेड, वाढवतो आणि सह्याद्रीचा कातळ राखेसारखा फिकट उतरतो. अशा वेळी मी एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी करतो. आत जाऊन स्तूपाकडे पाठ करून दाराकडे वळलो, की चौकटीत लखलखते गवाक्ष येते आणि तोच मीटर सगळे दालन काळेकुट्ट करतो.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तिपाईला परवानगी लागते, म्हणून मी आयएसओ १६००, एफ/४ आणि १/१५ सेकंद अशा मंद उजेडाच्या बेताने, खांबाला खांदा टेकवून, श्वास रोखून छायाचित्रे घेतो; त्यांतली निम्मी तरी हलतात. फ्लॅश मात्र वापरत नाही, कारण प्रकाशाचे स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाई उरते, आणि त्यामुळे जवळचा खांब पांढराफटक होतो, तर मागचा स्तूप अंधारातच राहतो.

दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब कुंभाचे आणि हत्तीस्वारांचे आहेत. स्तूपामागचे सात मात्र अगदी साधे, अष्टकोनी. तिथवर उजेड फारसा पोचत नाही, हे कारागिराला ठाऊक असावे, असा माझा तर्क आहे. त्या सातांचे मनासारखे छायाचित्र मला अजून मिळालेले नाही.