शेंग्याचा पेळू

शेंग्याचा पहिला केस सापडला तो शेंगाचटणीच्या बरणीत. लांब, सोनेरी, तेलात न्हालेला. ह्यांनी तो चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे नेला आणि "हा माझा नाही" एवढंच म्हणाले. ते खरंच होतं. त्यांच्या डोक्यावर आता गळण्याइतकं काही राहिलेलं नाही.

शेंग्या म्हणजे आमचा गोल्डन रिट्रीव्हर. आमचा म्हणजे लेकीचा. तिने हट्ट करून आणला, भाजून सोललेल्या शेंगदाण्यासारखा रंग बघून नाव ठेवलं, दीड वर्ष डोक्यावर बसवून घेतलं आणि नोकरी लागल्यावर एका पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघून गेली. सोलापुरात ह्यात नवीन काही नाही. इथली पोरं पुण्याला जातात आणि त्यांच्या वस्तू मागे राहतात. कुणाच्या घरी गिटार राहते, कुणाच्या घरी गिअरची सायकल. आमच्या घरी बत्तीस किलो वजनाची, शेपटी हलवणारी वस्तू राहिली.

ही जात मूळची स्कॉटलंडची. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या एका बड्या जमीनदाराने १८६८ साली पिवळा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल ह्यांच्यापासून पिल्लं घेतली, तिथून हा वंश चालत आला. काम काय, तर बंदुकीने टिपलेलं बदक गारठलेल्या तळ्यात उडी मारून घेऊन यायचं. त्यासाठी अंगावर दोन थर. वर पाणी निथळून जाईल असे लांब राठ केस, आत कापसासारखी दाट लव. हा सगळा बंदोबस्त अंगावर घेऊन आमचा शेंग्या राहतो कुठे, तर एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकतो आणि पंखाही गरम वारा फेकतो त्या सोलापुरात. तळं म्हणावं तर सिद्धेश्वराचं आहे, पण तिथे काही ह्याला सोडता येत नाही. आणि आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्यामुळे शेंग्याची आंघोळ हा आमच्याकडे घरातल्या सगळ्यांनी बसून घ्यायचा निर्णय असतो. टाकीत किती आहे, पिंपात किती आहे, उद्या कुणी पाहुणे येणार आहेत का. एवढं करून अंगावर ओतलेल्या पहिल्या तीन बादल्या वरच्या केसांवरून घरंगळून मोरीत जातात, आतलं कातडं कोरडंच. मग उरतो ब्रश.

पहिला ब्रश मी घेतला तो दिसायला सुंदर म्हणून. गुलाबी मूठ, मऊ दाट केस, बुटाला पॉलिश करायच्या ब्रशाचा श्रीमंत भाऊ. दुकानदार म्हणाला, लांब केसांना हाच. मी रोज संध्याकाळी ओसरीत बसून तो फिरवायचे आणि शेंग्या असा चमकायचा की जाणारे-येणारे थांबून बघायचे. दोन महिने मी स्वतःवर फार खूश होते. मग एक दिवस कानामागे हात गेला आणि बोटांना गाठ लागली. लिंबाएवढी, घट्ट. माझ्या पोटात गोळा आला. गाठ ह्या शब्दाने आपल्याकडे जेवढी माणसं घाबरवली आहेत तेवढी दुसऱ्या कशाने नसतील. रात्रभर झोप नाही. लेकीला कळवायचं की नाही ह्यावर आम्हा दोघांत कुजबुज. सकाळी रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी दोन बोटांनी चाचपलं आणि हसले.

"गाठच आहे. पण केसांची."

मग त्यांनी मला वरचे केस बाजूला करून आतला प्रकार दाखवला. मऊ ब्रश वरच्या वर फिरत होता आणि आतली गळलेली लव तिथेच अडकून, एकमेकींत गुंतून, दाबून बसली होती. अगदी घोंगडीसारखी. पाणी लागलं की ती आणखी आवळते, म्हणून गुंता काढल्याशिवाय आंघोळ घालायची नाही, हे तेव्हा कळलं. मी घरी कात्री लावणार होते. ते म्हणाले, अजिबात नको. गुंत्याबरोबर कातडी वर ओढली जाते, आपल्याला वाटतं केस कापतोय आणि कापली जाते चामडी. आणि कुत्र्याची चामडी आपल्यापेक्षा पातळ. अंगावर एवढं जंगल असल्यावर खाली जाड कातडं कशाला, असा देवाने हिशेब केला असावा.

त्या दिवसापासून मी ब्रशांच्या अभ्यासाला लागले. लेकीने पुण्याहून दोन हत्यारं पाठवली. एक स्लिकर. चौकोनी गादी आणि तीत बारीक तारांचं रान, प्रत्येक तार मध्ये गुडघ्यात वाकलेली. दुसरा रेक, म्हणजे दाताळंच, मोजके लांब दात, आतली लव ओढून काढायला. तिसरं हत्यार घरातच सापडलं: स्टीलचा कंगवा, एका बाजूला दात विरळ, दुसऱ्या बाजूला दाट. शिवाय सासूबाईंच्या डब्यात लिखा काढायची जुनी लाकडी फणी होती. दुकानात पिसवांचा कंगवा म्हणून जे विकतात ते तत्त्वाने हेच. शेंग्याच्या पिसवा ह्याच फणीने निघाल्या. तिने आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची डोकी बघितली आहेत, चौथं डोकं बघून ती काही दचकली नाही.

स्लिकर घेताना बघायचं काय, हे मी चुका करून शिकले. गादी अंगठ्याने दाबली की आत गेली पाहिजे. फळीसारखी कडक असेल तर तार थेट कातडीवर जाते. तारा केसांच्या मानाने लांब हव्यात, नाहीतर पुन्हा गुलाबी ब्रशाचीच गत. आणि सगळ्यात आधी तो आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघायचा. आपल्याला ओरखडा उठला तर त्याला उठणारच, फक्त तो सांगणार नाही. दुकानात मी बाही वर करून हातावर ब्रश घासत उभी होते तेव्हा शेजारच्या बाईंनी आपल्या पोराला हळूच जवळ ओढलं होतं.

तरी जमत नव्हतं. शेंग्या स्लिकर दिसला की पलंगाखाली. आतून फक्त शेपटी आणि नाराजी दिसायची.

आमच्या शेजारी एक मामा राहतात. अठ्ठ्याहत्तरीचे, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, रागावले की दोन्ही. सगळी नोकरी गिरणीत, कार्डिंग खात्यात. गिरण्या बंद पडल्या, पण मामा अजूनही वेळ सांगताना पाळीच्या हिशेबाने सांगतात. एका दुपारी मी ओसरीत शेंग्याला पायात दाबून धरलं होतं आणि ओढाताण चालली होती. मामा फाटकाशी थांबले.

"काय करलालाव ताई? कुत्र्याला मारलालाव का?"

मी ब्रश दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, तारांवरून तळवा फिरवला. एकदा वाकाच्या दिशेने, एकदा उलट. आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू जत्रेत लहानपणचा मित्र भेटला.

"हे तर कार्डाचं कापड की!"

मग मला ओसरीच्या पायरीवर कार्डिंग खातं उभं करून दाखवण्यात आलं. गिरणीत गाठीतून आलेला कापूस झटकून साफ झाला की कार्ड मशीनवर जातो. तिथे मोठमोठी पिंपं फिरत असतात आणि त्यांच्या अंगावर अशाच गुडघ्यात वाकलेल्या तारांचं कापड गुंडाळलेलं असतं. एका पिंपाची तार इकडे तोंड करून, समोरची तिकडे. मधून कापूस जातो आणि गुंता सुटून तंतू न् तंतू वेगळा होतो, एका दिशेला निजतो, मग त्याचा पेळू, म्हणजे लांब मऊ वळी, होऊन पुढे सुतासाठी जातो. सोलापुरात पहिली गिरणी, जिला सगळे जुनी गिरणी म्हणतात, ती चालू झाली १८७७ साली. म्हणजे ह्या गावाने शंभराहून जास्त वर्षं कापसाला जे केलं तेच मी एका कुत्र्याला करू बघत होते, आणि वाईट करत होते.

"तुमी दाबलालाव," मामा म्हणाले. "दाबायचं नसतंय. दोन तारांत कागद जाईल एवढी जागा सोडायची आमाला सांगायचे. तार चामड्याला टेकली की सेटिंग बिघडलं म्हणायचं."

त्यांनी मनगट सैल सोडलं आणि ब्रश केसांवर नुसता ठेवून उचलला. ठेवून उचलला. प्रत्येक वेळी थोडे केस सुटत होते. शेंग्याने आधी मान वळवून पाहिलं, मग हनुवटी पायरीवर टेकवली. पाच मिनिटांत डोळे मिटले. लबाड.

बाकीचं मला सुचायला हवं होतं, आणि इतके दिवस सुचलं नव्हतं ह्याचीच लाज वाटली. लेकीच्या कमरेएवढ्या केसांच्या दोन वेण्या बारा वर्षं मी घातल्या. गुंता आला की वर मुठीत केस घट्ट धरायचे म्हणजे डोकं ओढलं जात नाही, आणि विंचरायला सुरुवात टोकापासून करायची, मुळापासून नाही, हे कुठल्या आईला सांगावं लागतं? शेंग्याचंही तसंच. एका हाताने केस वर उलटे धरायचे, भांग पाडल्यासारखी कातडीची पांढरी रेघ दिसू द्यायची, रेघेखालचे केस थोडे थोडे खाली घेत विंचरायचे. एक रेघ झाली की बोटभर वर दुसरी. आधी हाताने थोडं पाणी शिंपडायचं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत सुक्या केसांवर ब्रश फिरवला की ते चटचट करत उभे राहतात आणि तुटतात. शेवटी स्टीलचा कंगवा. तो कातडीपर्यंत जाऊन कुठेही न अडकता बाहेर आला तरच काम झालं, मग कुत्रा वरून कितीही देखणा दिसो.

कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आणि मागच्या पायांच्या झालरीत गुंता सगळ्यात आधी धरतो. ह्या चार जागा मी रोज बघते, बाकीचं अंग दिवसाआड. पावसाळा संपला की आणखी एक काम वाढतं. विजापूर रोडच्या पुढे माळावर फिरवून आणलं की अंगभर कुसळं. हे कुसळ फार हुशार. ओलं झालं की पीळ सुटतो, सुकलं की पुन्हा पीळ भरतो, आणि असं फिरत फिरत टोकाने आत घुसतं. बोटांच्या बेचक्यात एकदा शिरलं की डॉक्टरच. म्हणून घरी आल्या आल्या आधी पाय, मग कान, मग पाणी. ब्रश करताना कातडी दिसते त्यामुळे गोचीडही तेव्हाच सापडतो, हा त्यातला फायदा.

उन्हाळा आला की गल्लीतून एकच सल्ला येतो: भादरून टाका की त्याला, किती उकडत असेल! मार्चमध्ये मी जवळजवळ तयार झाले होते. मशीनसुद्धा विचारून ठेवलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा वाचवलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापेवर गार होतो. वरचे केस ऊन कातडीपर्यंत येऊ देत नाहीत, डोक्यावर टापशी बांधून शेतात जातो तसं. ती काढली तर कातडी भाजते, आणि दोन थरांचे केस एकदा मुळापासून काढले की परत तसेच येतील ह्याचा भरवसा नसतो. काढायची ती आतली गळलेली लव. ती निघाली की केसांतून वारा खेळतो. तळपायांच्या मधले केस तेवढे कापते मी, फरशीवर घसरतो म्हणून. गल्लीला हे अजून पटलेलं नाही. रोज कुणीतरी "बिचारा" म्हणून जातं आणि शेंग्या त्या शब्दावर खायला मिळतं का बघतो.

आता मामा आठवड्यातून दोनदा येतात. पाळीवर आल्यासारखे, चारच्या ठोक्याला. पायरीवर बसतात, खांद्यावरचा टॉवेल नाका-तोंडावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारतात, मगच ब्रश हातात घेतात. लव उडते, नाकात जाते. मी एकदा विचारलं, कार्डिंग खात्यातही असाच बांधायचात का? ते खोकले, नेहमीसारखे, लांबवर.

"तवा कोन बांधत होतं," म्हणाले. "कापूस डोळ्याच्या पापण्यांवर बसायचा. घरी गेलो की पोरं म्हाताऱ्या म्हनायची."

काल त्यांनी स्लिकर भरल्यावर कंगव्याचं टोक तारांच्या बुडाशी घातलं आणि एका दमात वर ओढलं. लव पत्र्यासारखी सलग सुटून आली, फिकट, हलकी. मामांनी ती मांडीवर ठेवली, तळव्याने पुढे सरकवत गुंडाळली, आणि खरंच, वीतभर लांबीचा पेळू तयार झाला. त्यांनी त्याचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरलं, पीळ देत देत हळूहळू ओढलं. बोटभर धागा निघाला. दोन बोटं. मी श्वास धरून बसले होते. तीन बोटांवर तो मधूनच सुटला.

"स्टेपल आखूड आहे," मामा टॉवेलाआडून म्हणाले. स्टेपल म्हणजे तंतूची लांबी. तुटलेला तुकडा त्यांनी उजेडाकडे धरून जरा वेळ बघितला. मग तो पायरीवर ठेवला आणि दुसरी बाजू घ्यायला शेंग्याला कुशीवर वळवायला लागले. शेंग्या वळता वळता थांबला, धागा हुंगला आणि खाऊन टाकला.