पंख्याची वीजही मोजली जाणार

अमेरिकेतील दुकाने आणि कार्यालयांच्या छतांवर बसणाऱ्या वातानुकूलन यंत्रांची चाचणी घेणे हे माझे काम आहे. चाचणीकक्षात आतल्या बाजूची हवा २६.७ अंश सेल्सिअसवर आणि बाहेरच्या बाजूची ३५ अंशांवर स्थिर होईपर्यंत थांबावे लागते, आणि हा संयमच मला या कामाचा गाभा वाटतो.

यंत्र किती विजेत किती थंडावा देते हे सांगणाऱ्या सध्याच्या ‘आयईईआर’ या निर्देशांकात पूर्ण क्षमतेवरच्या कामगिरीला केवळ २ टक्के, तर ७५ टक्के भारावरच्या कामगिरीला ६१.७ टक्के वजन आहे. हे योग्यच आहे, कारण यंत्र वर्षातले थोडेच तास पूर्ण ताकदीने चालते. मात्र थंडावा नको असतानाही ताजी हवा खेळवण्यासाठी फिरत राहणाऱ्या पंख्याची वीज त्यात धरलीच जात नाही. अमेरिकी ऊर्जा विभागाने २०२४ मध्ये स्वीकारलेला ‘आयव्हेक’ हा निर्देशांक ती वीज मोजतो, शिवाय हवेच्या नळ्यांचा प्रत्यक्षाजवळ जाणारा, म्हणजे अधिक, दाबही चाचणीत धरतो. त्यावर आधारलेली मानके १ जानेवारी २०२९ पासून लागू व्हायची आहेत. जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना करू नये, असे मी प्रत्येक सहकाऱ्याला आवर्जून सांगतो.