पडलेल्या कानेलाचा शेंडा

झाड रात्री पडलं. मे महिन्यात दक्षिणेकडून थंड वारं येतं, सतत धुकं आणि झड लागते, आणि सेरा दोस ऑर्गाओसच्या उतारावर कुठे ना कुठे एखादं झाड उन्मळतंच. खडकावर मातीचा थर जेमतेम, त्यात फांद्यांवर पाणी पिऊन जड झालेलं शेवाळ. सकाळीच राखीव जंगलाच्या वनरक्षकांचा फोन आला. "दोतोरा, वाटेवरचा जुना कानेला आडवा झालाय. दुपारी करवत लावणार. वर तुमचं काही असेल तर आत्ताच या."

वर माझं बरंच काही होतं. ब्राझीलच्या रिओ द जानेरो राज्यातल्या या डोंगरांत मी अपिवनस्पतींवर काम करते, म्हणजे झाडांवर वाढणाऱ्या, पण बांडगुळासारखा झाडाचा रस न शोषणाऱ्या वनस्पतींवर. सावंतवाडीत वाढल्यामुळे झाडावरची आमरी, म्हणजे ऑर्किड, मला लहानपणापासून ओळखीची. झाडावरचा निवडुंग मात्र इथे आल्यावरच पाहिला. भारतात मूळचा निवडुंग एकही नाही. आपल्याकडे माळावर दिसणारा फड्यासुद्धा अमेरिकेतून आलेला.

माझा निवडुंग म्हणजे श्लुम्बर्गेरा. या प्रजातीच्या साऱ्या जाती आग्नेय ब्राझीलच्या किनारी डोंगरांतल्या. समुद्रावरून येणारे ढग इथे कड्यांना अडतात आणि जंगल ओलं ठेवतात. पुण्या-मुंबईच्या नर्सरीत डिसेंबरमध्ये 'ख्रिसमस कॅक्टस' म्हणून गुलाबी फुलांची जी कुंडी मिळते, तिचं हे माहेर. रात्री मोठ्या झाल्या आणि हवा गार झाली की या झाडाला कळ्या धरतात. तिकडे ते दिवाळीनंतर घडतं, इथे दक्षिण गोलार्धात एप्रिल-मेमध्ये. म्हणून इथले लोक त्याला मे महिन्याचं फूल म्हणतात. आपल्याकडे मात्र निवडुंग म्हटलं की लोक त्याला भर उन्हात ठेवतात, पाणी तोडतात, आणि तो सुकला की नर्सरीवाल्याला बोल लावतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. तो वाळवंटातला नाही हो. त्याला झाडाखालची सावली आणि पालापाचोळ्याची भुसभुशीत माती द्या.

वाटेवर पोचले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की बुंधा दिसत होता, शेंडा नाही. कानेला हा दालचिनीच्याच कुळातला. मोडलेल्या लाकडाचा वास दुरूनच येत होता. उतारावरून खाली उतरले आणि एरवी मान दुखेपर्यंत दुर्बिणीतून जे पाहत असे, ते कमरेच्या उंचीवर समोर आलं. ब्रोमेलिया म्हणजे अननसाच्या कुळातली झाडं, त्यांच्या पानांचे पेले उलटून त्यातलं पाणी सांडलं होतं. फांद्यांच्या बेचक्यांत वर्षानुवर्षं साठलेली काळी माती फुटून पडली होती. आणि शेवाळातून सगळीकडे माझ्या निवडुंगाची ट्रंकाटा ही जात फुलली होती.

श्लुम्बर्गेरा ट्रंकाटाला पानं नसतात. चपटं, हिरवं खोडच पानांचं काम करतं. पेरापेरांचं ते खोड, प्रत्येक पेराच्या कडेला दोन-तीन टोकदार दाते. फुटव्यांचा माग काढत मुळाकडे गेले, तर जुनी पेरं गोल, तपकिरी, लाकडासारखी झालेली. फूल आडवं, पुढे नळी आणि पाकळ्या मागे वळलेल्या. पुंकेसरांचा झुबका नळीच्या वरच्या कडेने बाहेर आलेला, त्यातून गडद लाल कुक्षीवृंत, म्हणजे टोकाला पराग झेलणारी कुक्षी असलेली दांडी, आणखी पुढे. हे असं का, ते तिथे बसल्या बसल्या दिसलं. एक हमिंगबर्ड आला. झाड पडलंय याचं त्याला काही नव्हतं. माझ्यापासून हातभर अंतरावर तो हवेत थांबला, चोच नळीत घातली, आणि मागे सरला तेव्हा त्याच्या कपाळावर पिवळे परागकण होते. पुढच्या फुलाकडे गेला की तेच कपाळ कुक्षीला लागणार.

मग फळं शोधायला लागले, आणि इथे मी अडखळले. या निवडुंगाचं फळ पिकायला वेळ लागतो आणि पिकलेलं लाल फळ बरेच महिने झाडावरच राहतं. गेल्या वर्षीची फळं मिळायलाच हवी होती. मुख्य फांदीवर फुलांचे झुबकेच्या झुबके, फळ मात्र एकही नाही. शेंड्याजवळच्या एका बाजूच्या फांदीवर, जिथे झुडूप छोटं होतं, तिथे लाल फळं भरपूर. त्या झुडपाची फुलं फिकट होती, जवळजवळ पांढरी, कडेला गुलाबी झाक.

ट्रंकाटाला स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या रोपाचे पराग मिळाले तरच फळ धरतं. आणि त्याचं पेर सांध्यावर सहज मोडतं, खालच्या शेवाळात पडतं, मुळं धरतं. अशी पेरं वर्षानुवर्षं गळत राहिली तर अख्खी फांदी एकाच रोपाने भरते. गडद गुलाबी झुबके सगळे एकच असावेत, पक्षी त्यांच्यातल्या त्यांच्यात कितीही फिरला तरी फळ धरणार नाही. आणि फिकट झुडपाला मात्र आसपास सगळे परकेच पराग. पक्कं सांगायला डीएनए लागेल, म्हणून दोन्हींची पेरं ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांत घातली. पण आमची मोजणीची पद्धत मला त्याच क्षणी खटकली. खालून आम्ही झुबके मोजतो आणि त्यांना रोपं म्हणतो.

वनरक्षक वरून हाका मारत होते. त्यांची घाई रास्त होती. त्याच वाटेने खालच्या घरांना पाण्याचा पाइप जातो, आणि जानेवारी २०११ मध्ये दरडी कोसळून या डोंगराळ भागात नऊशेहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून इथे कुणी वाट अडलेली ठेवत नाही. त्यांनी स्वतः ती दरड पाहिलेली. मी फळं दाखवली, फिकट झुडूप दाखवलं, बुंधा कापला तर शेंडा घसरून दरीत जाईल असं म्हटलं. त्यांनी झाडाला एक फेरी मारली आणि म्हणाले, "वाट बुंध्याने अडवली आहे ना? मग शेंडा दोराने बांधू, बुंधा तेवढा कापू. शेंड्याला अंधार पडेपर्यंत हात लावणार नाही."

जोडीदारांना हाक मारून त्यांनी शेंडा दोन झाडांना बांधला. करवत चालू असताना खाली मी आणि माझी सहकारी पेरं सोडवत होतो. जमिनीवर राहिली तर ती ओल्या पाचोळ्यात कुजतात. शेवाळ आणि काळ्या मातीसकट गड्डे काढले आणि आसपासच्या खरबरीत सालीच्या, शेवाळलेल्या फांद्यांवर सुतळीने बांधले. सुतळी कुजेपर्यंत मुळं धरायला वेळ मिळतो. गडद आणि फिकट मुद्दाम शेजारी शेजारी ठेवले. वनरक्षकांचा एक तरुण जोडीदार शिडीवरून न सांगता जागा निवडायला लागला. "इथे दुपारचं ऊन येत नाही," म्हणे. त्याचं बरोबर होतं.

१८३७ साली जॉर्ज गार्डनर हा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ याच डोंगरांत हिंडला होता. वरच्या उंचीवर त्याला या प्रजातीची दुसरी जात सापडली, जिला पुढे रसेलियाना नाव मिळालं. इंग्लंडमध्ये ट्रंकाटाशी तिचा संकर करून बागांमधला जुना ख्रिसमस कॅक्टस तयार झाला. जंगलात या दोघी एरवी भेटत नाहीत, एक खालच्या उतारावर, एक वर. दिवाणखान्यात पोचलेल्या या फुलाबद्दल खूप लिहिलं गेलंय. फांदीवर त्याचं काय चालतं, त्याबद्दल त्या मानाने फारच थोडं.

बांधलेल्या गड्ड्यांपैकी गुळगुळीत सालीवरचे पहिल्या मोठ्या पावसातच गळून पडले. शेवाळावरचे बहुतेक तगले, आणि शेजारी ठेवलेल्या गडद रोपांवर नंतर फळं धरली. राखीव जंगलात आता झाड पडलं की वाट मोकळी करण्यापुरता बुंधा कापतात आणि शेंडा बघून होईपर्यंत थांबतात. हा नियम वनरक्षकांनीच घातला.