बाप-लेकाची एकच गोळी

आज रक्तदान शिबिरात पकडल्या गेलो. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवसांत आमच्या गावात शिबिर असते आणि नाव लिहिणाऱ्यांत मी पुढेच असतो, हे सगळ्यांना ठाऊक. यंदा मंडपात पाण्याचे ग्लास भरत बसलो. शेवटी सरपंचभाऊंनी हाक मारलीच. फॉर्म भरणाऱ्या मॅडमनं विचारलं, कोणती औषधं सुरू आहेत? मी हळूच म्हटलं, फिनास्टेराइड. त्या मात्र खणखणीत आवाजात म्हणाल्या, "केसांसाठी ना? मग नाही चालत. शेवटच्या गोळीनंतर निदान महिनाभर रक्त द्यायचं नाही." मागे अर्धा गाव रांगेत.

रांगेतून एक जण ओरडला, "आता समजलं, गडी टोपी काऊन काढत नाही ते!" दुसऱ्यानं विचारलं, "शेगावकडचं पाणी पेला काय बे?"

शेगाव तालुक्यातल्या त्या टकलाची आठवण अजून ताजी आहे. जानेवारी २०२५ मध्ये बातम्या आल्या, की तिकडच्या गावांत बायामाणसांचे, लेकरांचे केस चार-सहा दिवसांत पुंजक्यानं हातात येताहेत. आधी पाण्यावर संशय गेला, मग डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं. ते प्रकरणच वेगळं. माझं आमच्या घराण्यातलं, सावकाश, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आत सरकणारं. आजोबा तसे, बाबा तसे, मोठे काका तर विचारूच नका.

मॅडमचं म्हणणं बरोबर होतं. माझं रक्त एखाद्या गरोदर बाईला चढलं आणि पोटात मुलगा असला, तर त्याच्या लिंगाची घडण बिघडू शकते. माझीच बायको गरोदर आहे, त्यामुळे हे मला वर्ध्याच्या त्वचारोग डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. अख्ख्या गोळीला वरून लेप असतो, ती हातात धरल्यानं काही होत नाही. फुटलेल्या, चुरा झालेल्या गोळीला मात्र तिनं शिवायचं नाही. म्हणून गोळ्या माझ्या पेटीत, कुलपात.

फुटलेल्या गोळीचं एवढं कशाला, तर त्यामागे बाबा आहेत. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढली म्हणून बाबा गेल्या वर्षापासून हीच गोळी घेतात. त्यांची ५ मिलिग्रॅमची, माझी १ ची. औषध तेच. अमेरिकेत ते आधी १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी मंजूर झालं, केसांसाठी १९९७ मध्ये. आमच्या साळ्यानं लगेच हिशेब मांडला: "भाटवे, ही १ ची चिल्लर कशाला घेता, बाबांचीच चार तुकडे करून घ्या ना, स्वस्तात पडते." असं करणारे पुष्कळ आहेत म्हणे. पण घरात पोटुशी बाई असताना ताटलीत गोळीचा चुरा पाडणं मला पटलं नाही. पैसे वाचले असते, हे खरं.

प्रोस्टेट आणि टक्कल यांचा संबंध काय, हे मी डॉक्टरांना विचारलं तर ते खुलले. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या एका आडवळणाच्या गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात आल्यावर मुलगे होत. त्यांच्यावरचा अभ्यास १९७४ मध्ये छापून आला. त्यांच्या अंगात ५-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) नीट काम करत नव्हतं. ते टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे दुसरं पुरुषी संप्रेरक बनवते. या माणसांची प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहायची आणि टक्कल पडायचं नाही. गोळी हेच करते, त्या विकराला अडवते. रक्तातलं डीएचटी साधारण दोन तृतीयांशानं उतरते. डोक्याच्या माथ्यावरची मुळं डीएचटीला हळवी, मागच्या पट्ट्यातली नाहीत. म्हणून बाबांच्या मानेवर अजूनही झालर आहे आणि केस रोपणाला तिथलेच केस घेतात.

मला हे आवडलं. नाही तर आमच्याकडे केसांचं औषध म्हणजे कांद्याचा रस, माक्याचं तेल आणि बसस्टँडच्या भिंतीवरचा तो हसरा माणूस.

डॉक्टरांनी मिनॉक्सिडिलची गोळीही सुचवली होती. मूळ रक्तदाबाचं औषध, केसांना कमी मात्रेत देतात. पाय सुजणं, छाती धडधडणं, गालावर, हातावर केस वाढणं, असं होऊ शकते म्हणाले. मी नको म्हटलं. शेतात उभं राहायचं असते.

या गोळीचंही सगळं गोड नाही. शंभरात दोन-चार जणांची इच्छा कमी होते किंवा ताठरपणा जातो; बहुतेकांचं बंद केल्यावर सुधारते, काहींची तक्रार तरी राहते. मनही खचू शकते, आणि जीव द्यायचे विचार येणं हे तर युरोपच्या औषध संस्थेनं २०२५ मध्ये दुष्परिणामांत धरलं. डॉक्टरांनी बायकोलाच समोर बसवून सांगितलं, की हा गप्प गप्प राहायला लागला तर मला फोन करा. तेव्हापासून मी जरा शांत बसलो की ती विचारते, "अहो, गोळीमुळं का?" भाव पडले म्हणून गप्प आहे, हे तिला दर वेळी समजावून सांगावं लागते.

बाबांच्या तपासणीतही या गोळीनं घोळ घातला होता. पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा चांगला आला म्हणून ते खूश. डॉक्टर म्हणाले, ही गोळी चालू असली की आकडा निम्मा दिसते, दुप्पट धरायचा.

शिबिराची बातमी माझ्याआधी घरी पोचली. जेवताना बाबांनी ताटावरून मान वर केली.

"म्हणजे तू बी तेच खाते?"

"हो."

"मंग माह्या डोक्यावर काऊन नाही उगवलं? माही तर पाचपट हाये!"

जिथली मुळं तीस वर्षांपूर्वीच संपली तिथं गोळी काही उगवत नाही, आहेत ते टिकवते आणि बारीक झालेले थोडे जाड करते, असं मी सांगितलं. फरक दिसायला तीन-सहा महिने, पुरता दिसायला वर्ष लागते, आणि सोडली की वर्षभरात जे टिकलं ते जाते.

"म्हणजे जन्मभर?"

"केस पाहिजे तोवर."

"माहीबी जन्मभरच हाये," बाबा म्हणाले, आणि आईकडं वाटी सरकवून वरण मागितलं.