कलम ३९९ आणि 'हीट'

त्र्यंबकेश्वरच्या रांगेबद्दल मी काही लिहिणार नाही. श्रावणी सोमवारी तिथे जाणाऱ्याला तक्रारीचा हक्कच नाही. रामकुंड, काळाराम सगळं उरकलं आणि संध्याकाळी गंगापूर रोडला मावशीकडे जाऊन पसरलो. नाशिकचा पाहुणचार प्रेमळ खरा, पण ‘नको’ हा शब्द तिथे कुणी ऐकतच नाही.

काका पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. ट्रेनिंग इथल्याच त्र्यंबक रोडवरच्या अकादमीत. जेवणं झाल्यावर मी ‘हीट’ लावला. मायकल मानचा, १९९५चा. रॉबर्ट डी नीरो अट्टल चोर आणि अल पचिनो हात धुऊन त्याच्या मागे लागलेला डिटेक्टिव्ह. पोलिसाशेजारी बसून हा सिनेमा बघायचा म्हणजे रिमोटवर पाणी सोडायचं, हे पहिल्या अर्ध्या तासात कळलं.

रात्री चोर मौल्यवान धातूंच्या गोदामात शिरलेत, बाहेर बंद गाडीत पोलीस दबा धरून बसलेत. त्यांच्यातला एक जण कंटाळून खाली टेकतो आणि पत्र्याचा आवाज होतो. डी नीरोला तेवढं पुरतं. हातातलं काम टाकून तो माणसांना बाहेर काढतो. आणि पचिनो त्यांना चक्क जाऊ देतो! चोरलेलं काही नाही, नुसत्या घरफोडीत थोडक्यात सुटतील म्हणून.

काकांनी सिनेमा थांबवला. "जाऊ दिलं? आपल्याकडे ३९९ लावलं असतं. दरोड्याची तयारी. तयारी हाच गुन्हा!"

जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण काकांच्या तोंडी अजून ३९९च. मग त्यांनी सीन मागे नेला आणि स्क्रीनजवळ जाऊन बोटाने माणसं मोजली. "चारच! दरोड्याला पाच लागतात. बरोबर आहे मग त्याचं."

पुढे पचिनो डी नीरोला हायवेवर गाठून कॉफीला नेतो. ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात दोघं होते, पण समोरासमोर एकदाही नाही, म्हणून या सीनवर लोक जीव टाकतात. काका म्हणाले, "फिल्मी आहे." मी सांगितलं, शिकागोत १९६३ साली चक ॲडमसन या डिटेक्टिव्हने नील मॅकॉली नावाच्या खऱ्या चोराबरोबर खरोखरच कॉफी घेतली होती, आणि १९६४ साली तो चोर पोलिसांच्या गोळीला बळी पडला.

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "चहा मीही पाजलाय रे एका घरफोड्याला. चहावर बोलतात ते. कोठडीत नाही बोलत."

कोण, कुठला, खूप खोदून विचारलं. पत्ता लागू दिला नाही.

बँकेबाहेरच्या गोळीबाराला मात्र त्यांनी स्वतःच आवाज वाढवला. तो आवाज प्रत्यक्ष रस्त्यावर, शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड केलेला आहे. गोळ्या इमारतींवर आदळून घुमतात. मावशी डोळे चोळत बाहेर. "अहो, शेजारी पोलीस बोलावतील!"

शेवटी विमानतळावर डी नीरो गोळी लागून पडतो आणि पचिनो त्याचा हात हातात घेऊन उभा राहतो. मला दरवेळी भरून येतं. काका उसळलेच, "हात काय धरतोस? वायरलेसवर ॲम्ब्युलन्स सांग आधी!"