42 पोरं, एक लाल गाडी आणि तापीचा काठ: हतनूर-चांगदेव सहलीचा वृत्तांत

आमची शाळा अमळनेर तालुक्यातली. आठवी-नववीची मिळून 42 पोरं, आम्ही पाच शिक्षक (त्यात दोन मॅडम), आणि एसटीची प्रासंगिक करारावरची गाडी. जानेवारीतला दुसरा शनिवार. दरवर्षी सहल म्हणजे अजिंठा-वेरूळ नाहीतर शेगाव-आनंदसागर असं ठरलेलं, यंदा मीच स्टाफ मीटिंगमधे तोंड उघडलं की नदी आणि पाणथळ जागा शिकवायच्या तर नदीवर न्यायला पाहिजे, मग काय, बोलणाऱ्याच्याच गळ्यात घंटा. सगळं नियोजन माझ्याकडं आलं. म्हणून हे लिहितोय, कारण पुढच्या वर्षी कोणी जाणार असेल तर आमच्याच चुका परत करू नका.

आधी एक सांगतो. आमच्या पोरांना नदी माहीत आहे ती बोरी. आणि बोरी म्हणजे वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते ते वाळवंट. पाळणे, खेळण्यांची दुकानं, धूळ. नदीत पाणी असतं आणि त्या पाण्यात कोणीतरी राहतं ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच नाही. पुस्तकात परिसंस्था, अन्नसाखळी सगळं पाठ आहे, विचारलं की धडाधड सांगतात, पण बेडकाची पिल्लं दाखवली तर म्हणतात मासे.

गाडी पहाटे पाचची ठरली होती, निघाली पावणेसहाला. (शैक्षणिक सहलीला एसटी 50 टक्के सवलत देते, पण शाळेचं पत्र, मुलांची यादी, मुख्याध्यापकांची सही हे सगळं आगारात आधीच द्यायला लागतं. शेवटच्या आठवड्यात गेलात तर गाड्या शिल्लक नसतात, सहलींचा सीझन असतो.) जळगाव, भुसावळ, वरणगाव करत हतनूर धरणावर पोचेपर्यंत साडेनऊ वाजले. ही पहिली चूक.

दुसरी चूक तिथं गेटवर. फोनवर कोणीतरी म्हणालं होतं की या, काही अडचण नाही, आणि आम्ही त्या भरवशावर गेलो. वॉचमन म्हणे लेखी परवानगी दाखवा. बरोबरच आहे त्याचं, धरण आहे ते, बाग नाही. पन्नास मिनिटं आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. शेवटी पोरांनी लांबूनच दरवाजे मोजायची शर्यत लावली, कोणाचे 38 आले, कोणाचे 43, भांडण सुरू झालं तेव्हा वॉचमनलाच दया आली आणि तो म्हणाला 41 आहेत. पावसाळ्यात बातमीत ऐकतो ना, हतनूरचे 41 दरवाजे उघडले, तेच हे. आत सोडलं नाही ते नाहीच. पाटबंधारे खात्याच्या ऑफिसला किमान पंधरा दिवस आधी पत्र द्या आणि उत्तर हातात घेऊनच निघा.

पण खरं सांगू का, धरण आतून बघितलं नाही म्हणून काही बिघडलं नाही. दरवाजे बघून पोरांना काय कळतं? फोटो निघतात. तिथं उभ्या उभ्या मी नकाशा उघडून तापी दाखवली ती मात्र कामाची ठरली. मुलताईला मध्य प्रदेशात उगम, तिथून 724 किलोमीटर, आणि सुरतच्या पुढं समुद्रात. एका पोरानं विचारलं, "सर, गोदावरी तिकडं जाते, कृष्णा तिकडं जाते, मग आपली नदी उलटी का जाते?" प्रश्न शंभर नंबरी. मग सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर, त्यांच्यामधे खचलेली जमीन, आणि त्या खचदरीतून पश्चिमेला गेलेली तापी हे सगळं तिथंच मातीत काठीनं काढून दाखवलं. वर्गात हेच सांगितलं असतं तर अर्धी झोपली असती.

तिथून गाडी चांगदेवला. पाऊण तास. आणि इथून खरी सहल सुरू झाली.

चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात. खाली हतनूर असल्यामुळं तिथं वाहती नदी दिसत नाही, मोठं तळं पसरल्यासारखं दिसतं, सगळं बॅकवॉटर. चांगदेवाचं कोरीव हेमाडपंती मंदिर आहे, शिखर नाही त्याला, दहा मिनिटं सगळ्यांनी बघून घेतलं, इतिहासाचे सर आले नव्हते त्यामुळं लवकर आटपलं. मग काठावर.

साडेअकरा वाजले होते म्हणजे पक्ष्यांच्या हिशोबानं उशीरच. सकाळी सात-साडेसातला आले असते तर काठाशी दिसले असते, आम्ही गेलो तेव्हा बदकांचे थवे मधे पाण्यात, लांब. तरी काळे ठिपके ठिपके पसरलेले होते ते काय म्हणून दुर्बिणीतून बघितलं तर वारकरी. म्हणजे पक्षी. काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव वारकरी. पोरं म्हणे, "मुक्ताईला आले का सर?" आता मुक्ताई म्हणजे कोथळी-मेहूण इथून जवळच, त्यामुळं विनोद फिट्ट बसला, दिवसभर तेच चाललं. हळदीकुंकू बदक दिसलं, चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल, नाव एकदा सांगितलं की कोणीच विसरत नाही. शेकाट्या काठाकाठानं लाल काड्यांवर चालत होते. चक्रवाकांची एक जोडी होती, केशरी, ती लडाख-तिबेटकडून हिवाळ्याला येतात हे सांगितल्यावर एक पोरगी म्हणे, "व्हिसा-पासपोर्ट नाही लागत त्यांना."

दुर्बिणी दोनच होत्या आणि पोरं 42. रांग लावली की मागचे धिंगाणा करतात. त्यावर आमच्या मॅडमनी चांगली युक्ती काढली, प्रत्येकाला जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची नळी करायला लावली होती घरूनच. भिंग-बिंग काही नाही, नुसती नळी, पण तिच्यातून बघताना नजर एकाच पक्ष्यावर टिकते आणि मुख्य म्हणजे हात आणि तोंड दोन्ही गुंतून राहतात. मोबाईलवर मर्लिन (पक्षी ओळखायचं ॲप) टाकून घ्या, पण भारताचा पॅक घरीच वायफायवर डाउनलोड करा, काठावर नेटवर्क येतं-जातं. ॲप म्हणतंय तेच खरं असं मात्र समजू नका, आमच्याकडं त्यानं एका पोराच्या शिट्टीला पक्षी म्हणून दाखवलं.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते सांगतो. ट्रे.

पांढरा प्लास्टिकचा ट्रे, आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण असतं ना मोठं, ते पण चालतं. बांबूला तारेनं बांधलेली चहाची मोठी गाळणी. पांढरे प्लास्टिकचे चमचे. एक-दोन भिंगं. बस. सहा-सहा, सात-सातचे गट केले, प्रत्येक गटाला एक ट्रे, आणि काठाजवळच्या जलपर्णीचं एक एक झाड मुळासकट उचलून ट्रेमधल्या पाण्यात झटकायचं. झटकलं की सुरुवातीला नुसता गाळ दिसतो, पोरं म्हणतात काहीच नाही सर. मी म्हणलं दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, हलवायचं नाही, नुसतं बघा. आणि मग गाळ खाली बसतो आणि तळ हलायला लागतो. बारक्या गोगलगायी, डासांच्या अळ्या, पाठीवर पोहणारा एक किडा, आणि मधे एक मळकट हिरवा, सहा पायांचा, डोळे मोठ्ठे असलेला प्राणी.

"सर, हाई काय शे?"

चतुराचं पिल्लू. म्हणजे तो आपला हेलिकॉप्टर हो, पावसाळ्याच्या शेवटी उडतो तो. उडायच्या आधी तो कितीतरी महिने पाण्यात राहतो हे अर्ध्या शिक्षकांनाही नवीन होतं. चमच्यानं मागून हलकेच शिवलं तर सट्टकन पुढं सुटला, पाय न हलवता. कसा काय? तर पाणी आत घेतो आणि मागून जोरात सोडतो, तेच त्याचं इंजिन. "सर, हाई ते रॉकेट शे!" मग फारसं कोणाचं लक्ष नव्हतं तेव्हा एका अळीजवळ तो थांबला, आणि त्याच्या तोंडाखालून घडी घातलेला हात असावा तसा एक आकडा बाहेर आला आणि अळी गायब. इतक्या झटकन की निम्म्यांनी बघितलंच नाही. मग सगळे ट्रेवर ओणवे होऊन दुसऱ्या अळीची वाट बघत बसले. नववीतली पोरं, जी वर्गात पाच मिनिटं बसत नाहीत ती, वीस मिनिटं. अन्नसाखळी म्हणून फळ्यावर बाण काढत बसतो मी गेली चौदा वर्षं.

जेवणाची वेळ टळून गेली तरी उठेनात. शेवटी ओरडून उठवलं.

पाणी किती गढूळ ते मोजायला स्टीलची डिश घेऊन गेलो होतो, चार भाग करून आळीपाळीनं काळे-पांढरे रंगवलेली, मधे भोक पाडून दोरी, दोरीवर दर दहा सेंटिमीटरला गाठ. पाण्यात सोडत जायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. सोपं आहे, स्वस्त आहे, आणि गणिताच्या मॅडम खूष. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) पण नेला होता, घरच्या आरओवाल्याकडून मागून आणलेला. पूर्णेच्या अंगाला आकडा जास्त आला, तापीच्या अंगाला कमी. पूर्णा अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून (तिथलं जमिनीतलं पाणीच खारट) येते त्यामुळं तसं असेल असं मी म्हणलं, पण एका दिवसाच्या एका आकड्यावरून शोध लागला म्हणून मिरवायचं नाही हे पण सांगितलं. एकानं लगेच वहीत लिहिलं: सर म्हणतात नक्की नाही.

काठावर एक भोई काका जाळं शिवत बसले होते, त्यांच्याशी बोलायचं नियोजनात नव्हतंच. त्यांची बोली लेवा वळणाची, आमची पोरं अहिराणी, आधी दोन्हीकडून नुसतं हसणं. मग काका खुलले. पूर्वी वांब, मरळ भरपूर लागायची, आता जाळं ओढलं की चिलापीच चिलापी, असं त्यांचं म्हणणं. चिलापी म्हणजे मूळ आफ्रिकेतला मासा, आणि ज्या जलपर्णीची मुळं आम्ही झटकत होतो ती दक्षिण अमेरिकेतली. हे सांगितलं तर एक जण म्हणे मग तापीतलं तापीचं काय राहिलं? मला उत्तर सुचलं नाही. काकांना मी शंभर रुपये द्यायला गेलो तर घेईनात, शेवटी पोरांच्या डब्यातलं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खाल्ल्या त्यांनी. तुम्ही जाल तेव्हा अशा माणसासाठी अर्धा तास मोकळा ठेवाच.

आता गाळाचं. पाणी उतरलेलं असतं तिथं वरून भेगाळलेली, वाळलेली जमीन दिसते आणि खाली लोण्यासारखा चिखल. आमचा एक हुशार त्यावरून चालत गेला आणि गुडघ्यापर्यंत आत. घाबरला, जोर लावला, अजून आत. भोई काकांनी सांगितलं हलू नको, बांबू आडवा टाकला, त्यावर वजन द्यायला लावलं आणि हळूहळू काढला. बूट तिथंच राहिला, तापीमाईला अर्पण. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी पण माझे हातपाय गार पडले होते. तेव्हा दोरी आणि लांब बांबू पाहिजेच, काठाची जागा आधी मोठ्या माणसानं काठी खुपसून बघायची, आणि चुन्याची फक्की टाकून रेघ मारायची की याच्या पुढं कोणी जायचं नाही. दहा पोरांमागं एक मोठं माणूस, आणि ते माणूस सेल्फी काढत नको. होडीत बसायचा हट्ट होणारच, तिथं लाइफ जॅकेट नसेल तर सरळ नाही म्हणा.

मुलींच्या बाथरूमचा प्रश्न आम्ही धरलाच नव्हता आणि ही सगळ्यात लाजिरवाणी चूक. काठावर काही सोय नाही. शेवटी गाडी मुक्ताईनगरला नेऊन आणली, तासभर गेला. मॅडम रागावल्या ते योग्यच होतं. जाताना मुक्ताईनगरला थांबा घ्याच, आणि काठावरचा वेळ तीन तासांच्या वर नको.

कधी जायचं तर डिसेंबर मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात. 2 फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो, 1971 ला इराणच्या रामसर गावात करार झाला तो दिवस, तेव्हा गेलं तर शाळेच्या अहवालात पण छान दिसतं. महाशिवरात्रीच्या आसपास मात्र नको, यात्रा असते, गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि क्रम उलटा करा: पहाटे चारला निघा, आधी चांगदेवचा काठ, मग जेवण, मग वाटलंच तर धरण. नाही झालं धरण तरी चालेल.

परतीच्या गाडीत अंताक्षरी-बिंताक्षरी झालीच. पण मागच्या सीटवरून एक प्रश्न आला, "सर, आपली बोरीमा बी शे का हाई रॉकेट?" म्हणलं माहीत नाही, बघूया.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर अकरा पोरं ट्रे घेऊन बोरीवर आली, कोणाला सक्ती नव्हती. पुलाखाली एक डबकं होतं, गटाराचं पाणी येऊन साठलेलं, वास मारत होतं. गाळणी फिरवली. रॉकेट नाही सापडलं. लाल दोऱ्यासारख्या अळ्या निघाल्या, खूप. ऑक्सिजन कमी असला तरी या जगतात, आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन त्यांच्यात असतं म्हणून लाल दिसतात. पोरांनी मोजायला सुरुवात केली, एका चमच्यात सतरा भरल्या. मग वरच्या अंगाला, जिथं गटार मिळत नाही तिथं जाऊन बघायचं ठरलं, पण अंधार पडला होता. आता या शनिवारी जायचंय, गाळण्या तीनच उरल्यात, एक मोडली आणि एक कोणाच्या तरी आईनं परत नेली.